222–0 च्या सामन्याभोवतीच्या भाकडकथा

अमेरिकी कॉलेज फुटबॉलबद्दलचा एक दावा वर्षानुवर्षं फिरतोय: 1916 साली जॉर्जिया टेकच्या अजिंक्य संघाने कंबरलँडच्या कसलेल्या संघावर 222 गोल केले, त्यांना एक यार्डही पुढे सरकू दिलं नाही आणि त्याच वर्षी टेक देशाचा विजेता ठरला. यात 222 हा आकडा खरा आहे, बाकी बरंच चुकीचं.

'222 गोल.' हे गुण आहेत. 32 टचडाऊनचे (चेंडू समोरच्या संघाच्या शेवटच्या रेषेपलीकडे नेण्याचे) प्रत्येकी 6 आणि त्यानंतर मारायच्या किकचे 30.

'कसलेला संघ.' ही थाप मला सर्वात जास्त खटकते, कारण तिच्यामुळे त्या पोरांवर अन्याय होतो. टेनेसीतल्या लेबननच्या कंबरलँडने त्या हंगामाआधीच आपला फुटबॉल संघ मोडीत काढला होता. पण सामन्याचा करार आधीच झालेला, आणि न आल्यास 3000 डॉलरचा दंड. टेकचे प्रशिक्षक जॉन हाइझमन करार सोडायला तयार नव्हते. त्याच वर्षी वसंतात कंबरलँडने टेकला बेसबॉलमध्ये 22–0 असं हरवलं होतं. टेकचा बेसबॉल संघही हाइझमनच शिकवत, आणि कंबरलँडने पैसे देऊन बाहेरचे खेळाडू उतरवल्याचा त्यांना संशय होता. शेवटी जॉर्ज ॲलन या विद्यार्थी व्यवस्थापकाने मित्रमंडळी आणि कायद्याचे विद्यार्थी गोळा केले आणि 7 ऑक्टोबरला त्यांना घेऊन टेकचं शहर अटलांटा गाठलं. पहिल्या क्वार्टरअखेर 63–0, मध्यंतराला 126–0. कॉलेजवरचा दंड टळावा म्हणून ही मुलं मार खात उभी राहिली. त्यांना हसणाऱ्यांनी निदान एवढं तरी माहीत करून घ्यावं.

'एक यार्डही नाही.' कंबरलँडचा एक पास 10 यार्डांचा होता. या खेळात चार प्रयत्नांत 10 यार्ड पुढे गेलं तर नवे चार प्रयत्न मिळतात, यालाच फर्स्ट डाऊन म्हणतात; नाहीतर चेंडू समोरच्यांकडे जातो. इथे चौथा आणि शेवटचा प्रयत्न होता, आधी मागे रेटले गेल्याने हवे होते 22 यार्ड, त्यामुळे चेंडू गेलाच. पण 10 यार्ड मिळाले. आणखी गंमत म्हणजे त्या दिवशी फर्स्ट डाऊन टेकलाही मिळाला नाही. चेंडू हाती आला की एक-दोन खेळींत टचडाऊन, मग फर्स्ट डाऊनची वेळ येणार कधी? टेकने एकही फॉरवर्ड पास (चेंडू पुढच्या दिशेने फेकणं) टाकला नाही, सगळं धावूनच. उत्तरार्धाचा वेळही कमी केला होता.

'अजिंक्य आणि विजेता.' इथे टेकच्या 1916 च्या हंगामाचा पूर्ण तक्ताच पाहायला हवा. 9 सामने, 8 विजय आणि वॉशिंग्टन अँड ली विरुद्ध 7–7 अशी बरोबरी. हरले नाहीत हे खरं, पण डेव्हिडसनवर जेमतेम 9–0 आणि नॉर्थ कॅरोलायनावर 10–6. हंगामातले एकूण गुण 421. त्यातून कंबरलँडचे 222 वजा केले की बाकीच्या आठ सामन्यांत मिळून उरतात 199. म्हणजे निम्म्याहून जास्त गुण एका दुपारी, संघच नसलेल्या कॉलेजविरुद्ध. त्याच वर्षी प्रशिक्षक पॉप वॉर्नर यांच्या पिट्सबर्ग विद्यापीठाच्या संघाने आठपैकी आठ सामने जिंकले, आणि 1916 चा विजेता म्हणून नाव घेतलं जातं ते त्यांचं.

टेकचं कौतुक करायचंच असेल तर 1917 च्या संघाचं करा. तेव्हा अमेरिका पहिल्या महायुद्धात उतरली होती. नऊपैकी नऊ विजय, पेनसारख्या (पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठ) नावाजलेल्या संघावर 41–0, आणि दक्षिणेकडचा पहिला राष्ट्रीय विजेता म्हणून ओळख. ती या संघाने खऱ्या प्रतिस्पर्ध्यांना हरवून कमावली.