सर, सिनेमा निदान संपतो तरी

नमस्कार सर,

शाळेत महिन्यातून एका शनिवारी पोरांना अख्खा सिनेमा दाखवावा, असं मी गेल्या लेखात लिहिलं होतं. त्यावर तुमची खरमरीत प्रतिक्रिया आली. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. सर उमरेड तालुक्यातल्या जिल्हा परिषद शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झाले आहेत. त्यांचं म्हणणं असं, की घरी पोरं मोबाईलमधून डोकं वर काढत नाहीत, पडदा नसलेली एक शाळाच काय ती उरली होती, आणि आता मॅडम लोक तिथेही पडदा टांगायला निघाले. व्हिडिओ लावून दिला की शिक्षक वह्या तपासायला मोकळे. वर सिनेमा असा वर्गात दाखवणं कायद्यात बसतं का, हाही प्रश्न. आणि दाखवायचाच असेल तर नंतर दहा मार्कांची चाचणी घ्या, म्हणजे पोरं लक्ष देऊन बघतील, असा सल्ला.

दोन ओळींत उत्तर देऊन मोकळी झाले असते, पण तुमच्या रागात काळजी दिसली, म्हणून सविस्तर लिहितेय.

वह्या तपासण्याचं तुम्ही म्हणता ते शंभर टक्के खरं आहे. मी रोज बघते. स्मार्ट बोर्ड आला, त्याच्यासोबत एका कंपनीचे तयार व्हिडिओ आले. प्रत्येक धड्याला तीन-चार मिनिटांचं ॲनिमेशन. भूगोलाच्या तासाला नदी येते ती निळीशार, डोंगरातून उगम पावणारी, दोन्ही काठांना हिरवळ. आमच्या शाळेपासून पायी जाता येईल इतक्या अंतरावर नाग नदी वाहते. जिच्यावरून आमच्या नागपूरचं नाव पडलं ती. तिचं पाणी कुठल्या रंगाचं आहे आणि पुलावर गाडी थांबली की नाकाला काय लावावं लागतं, हे पोरांना चांगलं ठाऊक आहे. तरी ती निळी नदी बघून एकही पोट्टा विचारत नाही, की मॅडम ही कुठली? सगळे गप्प बसून बघतात, आणि पोरं गप्प बसली की आपल्याला वाटतं शिकवणं चाललंय.

तेव्हा माझी मागणी तुम्हाला वाटली त्याच्या बरोबर उलट आहे. शाळेतले व्हिडिओ कमी करा आणि सिनेमा वाढवा. दोन्ही एकाच पडद्यावर दिसतात म्हणून तुम्ही दोघांना एकाच दावणीला बांधलंत.

व्हिडिओला माझा सरसकट विरोध नाही. दादासाहेब फाळक्यांनी आपला पहिला मोठा चित्रपट काढण्याआधी, १९१२ मध्ये, वाटाणा पेरून त्याचं रोप होईपर्यंतची वाढ थोड्या थोड्या वेळाने एकेक फ्रेम घेत टिपली होती. पैसे घालणाऱ्याला पटावं म्हणून केलेला उद्योग तो. म्हणजे आपल्या सिनेमाच्या मुळाशी चक्क सहावीच्या विज्ञानाचा व्हिडिओ निघतो! जे डोळ्यांना दिसू शकत नाही ते दाखवायला व्हिडिओसारखं साधन नाही. हृदयाची झडप कशी उघडते, ग्रहणात सावली कशी सरकते, हे फळ्यावर खडूने किती काढणार? शहराच्या उजेडात तारे दिसेनासे झाले तेव्हापासून तर आमची भिस्त रामन विज्ञान केंद्राच्या तारांगणावरच आहे. पण मटकीला मोड येतानाचा व्हिडिओ? ओल्या फडक्यात बांधून वर्गाच्या खिडकीत ठेवली तर एक-दोन दिवसांत खरी दिसते. तीसुद्धा आम्ही बोर्डावर दाखवतो. हे बंद करायचं निवेदन तुम्ही लिहा, पहिली सही माझी.

तुमच्या शाळेतल्या टीव्हीची गोष्ट वाचून हसूही आलं आणि वाईटही वाटलं. संच आला, हेडमास्तरांच्या कपाटात गेला, किल्ली तुमच्याकडे, आणि वर्षातून दोन वेळा हळदीकुंकू लावून परत आत. पण त्या टीव्हीसाठी पुण्यात बालचित्रवाणी होती ना सर. १९८४ पासून मराठीतून, आपल्याच पुस्तकांना धरून कार्यक्रम करणारी संस्था. संच कपाटात राहिला हा काही तिचा दोष नव्हे. २०१७ मध्ये ती बंद झाली. आता निळी नदी दाखवणाऱ्या कंपन्यांना रान मोकळं आहे, आणि त्यांच्या ॲनिमेशनमधल्या पोरांचं मराठी ऐकलंत तर तुम्ही ती किल्ली पुन्हा शोधायला लागाल.

आणखी एक प्रकारचा व्हिडिओ असतो, त्याचा तुमच्या प्रतिक्रियेत उल्लेख नाही. पोरांनी स्वतः काढलेला. २०२३ च्या सप्टेंबरात, २३ तारखेच्या पहाटे, अंबाझरी तलाव ओव्हरफ्लो झाला ती रात्र इथे कुणी विसरलेलं नाही. नाग नदी फुगली, अंबाझरी ले-आउट, डागा ले-आउटमध्ये घराघरांत पाणी शिरलं, मोरभवनच्या बसस्थानकावर बसेस पाण्यात उभ्या. शाळा उघडली तेव्हा कुणीही काही शिकण्याच्या मनःस्थितीत नव्हतं. जो तो आईबाबांच्या फोनवरचा व्हिडिओ सांगत होता. मी म्हटलं, मागवा. वर्गाच्या ग्रुपवर आले, त्यातले काही बोर्डावर लावले. एकात गच्चीवरून काढलेली गल्ली होती, काळं पाणी आणि त्यावर तरंगत जाणारी लाल प्लास्टिकची बादली. एका मुलीने तो दोनदा मागे घ्यायला लावला. मग म्हणाली, "मॅडम, बादली नदीकडे नाही चालली. नदीकडून घराकडे येऊन राहिली." मग प्रश्नांवर प्रश्न. पावसाचं पाणी नदीत जायला पाहिजे, मग नदीच काऊन घरात आली? समोरचं घर कोरडं कसं? व्हिडिओ काढणारा कुठे उभा होता? नदीचं पात्र, उतार, भिंती, नाले, सगळं त्या एका बादलीच्या मागे मागे आलं. वह्या तपासायला मला त्या दिवशी वेळच मिळाला नाही.

आता सिनेमाकडे येते.

गेल्या वर्षी सातवीला एक इराणी सिनेमा दाखवला. भावाच्या हातून बहिणीचे बूट हरवतात, घरी सांगायची सोय नाही, म्हणून दोघं एकच जोडी वापरतात. तिची शाळा सकाळची, त्याची दुपारची, आणि मधल्या गल्लीत धावत येऊन बुटांची अदलाबदल. दीड तासाच्या आतला सिनेमा. वर्गात अंधार करायचा म्हणून खिडक्यांना जुने फ्लेक्स उलटे करून लावले, तरी एका कोपऱ्यातून कुठल्या तरी क्लासच्या टॉपरचा अर्धा चेहरा दिसतच होता. प्रोजेक्टर बाकावर, त्याखाली दोन ॲटलस. भाषा फारसी, खाली अक्षरं इंग्रजी. सुरुवातीला मी मराठीत सांगत होते. थोड्या वेळाने मागच्या बाकावरून आवाज आला, "मॅडम, नका सांगू, कळून राहिलं."

कळणारच. आमच्याकडेही दोन पाळ्यांत शाळा भरते आणि मोठ्याचं दप्तर धाकट्याला येतं. पण मधला काही भाग संथ आहे. तिथे चुळबुळ सुरू झाली, बाटल्या उघडल्या, कुणीतरी बाथरूमला जायचं म्हटलं. हातात फोन असता तर बोट वर सरकलं असतं आणि दुसरं काही लागलं असतं. इथे सरकवायला काही नव्हतं. बसले. शेवटी शर्यत येते. त्या पोराला तिसरा नंबर हवा असतो, कारण तिसऱ्या नंबराला बूट आहेत, आणि तो पहिला येतो. आमच्या वर्गाने जोरात टाळ्या वाजवल्या, आणि त्या मधेच थांबल्या, कारण पडद्यावर जिंकलेलं पोरगं रडवेलं झालं होतं. पहिला येऊनही वाईट वाटू शकतं, हे आमच्या शाळेत कुठल्याच तासाला सांगितलं जात नाही. उलट बाहेर त्या फ्लेक्सवर टॉपर हसतच असतो.

माझं सगळं म्हणणं या दीड तासात आहे, सर. सिनेमाला शेवट असतो. मोबाईलवरच्या व्हिडिओला तो मुद्दामच ठेवलेला नाही, एक संपायच्या आत दुसरा सुरू होतो. सिनेमा एकाच वेळी सगळे बघतात, हसू आलं तर सगळ्यांना ऐकू जातं, कंटाळा आला तर तो सोसावा लागतो. मोबाईलवर घरातली चार माणसं चार कोपऱ्यांत चार वेगळ्या गोष्टी बघतात आणि जेवताना बोलायला कुणाकडेच काही नसतं. तुम्हाला शाळा ही पडद्याविना उरलेली शेवटची जागा वाटते. मला ती चाळीस पोरं एकत्र बसून एक लांब गोष्ट शेवटपर्यंत बघतील अशी शेवटची जागा वाटते. पंचशील चौक आणि व्हेरायटी चौक ही नावं टॉकीजवरून पडली, हे आता पोरांना सांगावं लागतं. आईबाबांसोबत टॉकीजला जाणं मल्टिप्लेक्सच्या तिकिटात आणि पॉपकॉर्नमध्ये किती घरांना परवडतं, हे तुम्ही माझ्यापेक्षा जास्त जाणता.

घरच्या बाबतीत तुमच्याशी भांडण नाही. बाळाला भरवताना मोबाईल समोर धरतात, ते मलाही बघवत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्येच सांगून ठेवलंय, की वर्षाच्या आतल्या बाळाला पडदा नकोच, आणि दोन ते चार वर्षांच्या मुलाला दिवसाला तासाभराहून जास्त नको, त्याहून कमी तर उत्तम.

मोठ्या पोरांचं मात्र नागपुरात वेगळं आहे. मुलांना मैदानावर पाठवा, असे सल्ले पुण्या-मुंबईकडून येतात. मे महिन्यात, पारा ४५ च्या वर असताना, दुपारी दोनला? उन्हामुळे आपल्या शाळाही बाकी महाराष्ट्राच्या मागून, जूनच्या शेवटच्या आठवड्यात उघडतात. म्हणजे दोन महिने सकाळी दहापासून संध्याकाळी सहापर्यंत पोरं कूलरसमोर कोंडलेली. कॅरम, पत्ते, पुस्तकं सगळं करून दुपार उरतेच. आमच्याकडे नियम एवढाच आहे, की बघायचं ते टीव्हीवर, सगळ्यांसमोर, आणि सुरू केलं तर संपवायचं. निवड पाळीपाळीने. माझ्या सासूबाईंच्या पाळीला पोरं कुरकुरतात आणि पोरांच्या पाळीला सासूबाई झोपतात, पण खोलीतून कुणी उठून जात नाही.

जाता जाता एक उपयोगाचं. ब्रिज कोठारी यांनी १९९६ मध्ये अहमदाबादच्या आयआयएममध्ये एक साधी कल्पना मांडली, की गाणं ज्या भाषेत, त्याच भाषेत त्याचे शब्द खाली द्यायचे. नंतर दूरदर्शनच्या चित्रहारमध्ये ते झालंही. गाणं ओळखीचं असतं, डोळे आपोआप अक्षरांवर जातात आणि अडखळत वाचणाऱ्याचा रोजचा सराव होतो. मराठी सिनेमाला मराठी अक्षरं द्या म्हटलं तर आपले लोक इंग्रजी देतात. सातवीत येऊनही जोडाक्षरांना अडखळणारी पोरं माझ्या वर्गात आहेत, म्हणून याचा मला फार राग येतो.

कायद्याचं विचारलंत ते बरं झालं, आमच्या ऑफिसातही हीच भीती होती. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या ५२ व्या कलमात अपवाद दिलेत. शैक्षणिक संस्थेच्या उपक्रमात सिनेमा दाखवता येतो, बघणारे फक्त कर्मचारी, विद्यार्थी, पालक आणि संस्थेच्या कामाशी संबंध असलेली माणसं असतील तर. अख्ख्या मोहल्ल्याला बोलावलं की ही मुभा लागू नाही. मी सेन्सॉर बोर्डाचं प्रमाणपत्रही बघून घेते. सिनेमॅटोग्राफ कायद्यातल्या २०२३ च्या दुरुस्तीनंतर यूएमध्ये, म्हणजे पालकांच्या मार्गदर्शनाने बघायच्या सिनेमांत, ७+, १३+ आणि १६+ असे भाग पडलेत, त्यामुळे निवड सोपी झाली आहे. सातवीला मी यूच्या, म्हणजे सगळ्यांना चालणाऱ्या सिनेमाच्या, पुढे जात नाही.

राहिली चाचणी. ती मी घेणार नाही. दहा मार्कांची चाचणी आहे म्हटलं की पोरं बुटाचा रंग, शर्यतीतला नंबर आणि बहिणीचं नाव लिहून घेतील, आणि टाळ्या थांबवायला कुणाला फुरसत होणार नाही. हुशार पोरांच्या आया तर आदल्या रात्री युट्यूबवर सारांश बघून प्रश्नोत्तरं पाठ करून घेतील. बुटांच्या सिनेमानंतर ज्यांना बोलायचं होतं ते बोलले, काही आठवडाभराने बोलले, बरेच बोललेच नाहीत. त्यांना काय कळलं हे मला समजलं नाही आणि समजायलाच पाहिजे असंही नाही.

त्यापेक्षा एक काम करा. दिवाळीच्या सुट्टीनंतर आठवीचा नंबर आहे. दीड तासाच्या आतला, यू प्रमाणपत्राचा, शक्यतो मराठी किंवा हिंदी, आणि ज्यात शेवटी कुणी भाषण देत नाही असा एखादा सिनेमा सुचवा. तुमच्या पिढीचे लोक सुचवतात ते बहुतेक तीन तासांचे असतात, तेवढं सांभाळा.

आपली,
मॅडम