बुरशीची गोळी बंद करायला सांगणाऱ्या मेसेजला उत्तर

फुप्फुस प्रत्यारोपण झालेल्या रुग्णांबद्दलचा एक मेसेज सध्या कोल्हापुरातल्या ग्रुपवर फिरतोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: नव्या फुप्फुसात बुरशी होते ती हॉस्पिटलच्या घाणीमुळे, ताप नसेल तर काळजी नको, बुरशीच्या गोळ्या किडनी घालवतात, म्हणून त्या बंद करून हळद-गुळवेलीचा काढा आणि वाफ घ्यावी, आणि बुरशी पसरते, म्हणून घरच्यांनी रुग्णापासून लांब राहावं. मी इथं औषधाचं दुकान चालवतो. ऑपरेशन मुंबईला नाहीतर चेन्नईला होतं, पण पुढं आयुष्यभराच्या गोळ्यांसाठी माणूस गावातल्याच दुकानात येतो. म्हणून हे उत्तर.

आधी हॉस्पिटलची घाण. या रुग्णांना सर्वांत जास्त छळते ती एस्परजिलस नावाची बुरशी. तिचे बीजाणू २ ते ३ मायक्रॉनचे, डोळ्यांना न दिसणारे, आणि ते सगळीकडच्या हवेत असतात. आपण सगळेच ते रोज शेकड्यांनी आत ओढतो आणि आपली प्रतिकारशक्ती त्यांचा निकाल लावते. प्रत्यारोपणाच्या रुग्णाची प्रतिकारशक्ती मुद्दाम दाबलेली असते, नाहीतर शरीर परकं फुप्फुस नाकारेल. त्यात फुप्फुस जोडताना मज्जातंतू तुटलेले असतात, त्यामुळं खोकल्याची उबळ नीट येत नाही आणि कफ आत राहतो. श्वासनलिकेच्या जोडाला सुरुवातीला रक्तपुरवठा कमी असतो, तिथंही बुरशीला जागा मिळते. हॉस्पिटलात बांधकाम चालू असलं तर धुळीतून धोका वाढतो, हे खरं. पण आपल्याकडं गुऱ्हाळावरची चिपाडं, शेणखताचा उकिरडा, भिजलेली वैरण यांत ही बुरशी भरपूर असते. २०१९ आणि २०२१ च्या महापुरानंतर भिंतींवर धरलेला बुरा आठवा. तसल्या घराची झाडलोट चालू असताना रुग्णाला दुसरीकडं ठेवावं. सगळा दोष हॉस्पिटलला दिला, की नेमकी ही काळजी राहून जाते.

तापाचं उत्तर छोटं आहे. स्टेरॉइड आणि बाकीच्या औषधांमुळं ताप येतच नाही असं होऊ शकतं. कधी पहिली खूण असते ती स्पायरोमीटरचा, म्हणजे घरी फुंकून फुप्फुसाची ताकद मोजायच्या यंत्राचा, आकडा उतरण्याची. तो १० टक्क्यांनी खाली आला तर त्याच दिवशी प्रत्यारोपण केंद्राला फोन करायचा.

आता गोळ्यांचं. सगळ्यात घातक सल्ला हाच आहे, कारण त्यात अर्धं सत्य मिसळलंय. व्होरिकोनॅझोल ही बुरशीवरची गोळी निरुपद्रवी नाही. ती यकृतावर परिणाम करू शकते, डोळ्यांपुढं काही वेळ विचित्र दिसतं, उन्हानं कातडी भाजते आणि फार काळ घेतल्यास त्वचेच्या कर्करोगाचा धोका वाढतो. म्हणून लांब बाह्या, टोपी आणि नेमानं तपासण्या. किडनीला जास्त जपावं लागतं ते शिरेतून देतात त्या अँफोटेरिसिन या बुरशीच्या औषधात.

मग या गोळीवर किडनीचा आळ का येतो? फुप्फुस नाकारलं जाऊ नये म्हणून रुग्ण टॅक्रोलिमस घेत असतो. हे टॅक्रोलिमस शरीरात मोडायचं काम यकृतातलं आणि आतड्यातलं एक एन्झाइम, म्हणजे औषधं पचवणारं प्रथिन, करतं. व्होरिकोनॅझोल, पोसॅकोनॅझोल, इट्राकोनॅझोल ही बुरशीची औषधं त्याच एन्झाइमला अडवतात. टॅक्रोलिमस मग रक्तात साचतं आणि किडनीला इजा करतं. हे ठाऊक असल्यानंच व्होरिकोनॅझोल सुरू करताना डॉक्टर टॅक्रोलिमसचा डोस साधारण एक तृतीयांशावर आणतात आणि रक्तातली पातळी वारंवार मोजतात.

आता मेसेजचं ऐकून कोणी बुरशीची गोळी परस्पर बंद केली तर? काही दिवसांत एन्झाइम मोकळं होतं, कमी केलेला टॅक्रोलिमस पुरेनासा होतो, पातळी कोसळते आणि शरीर नवं फुप्फुस नाकारायला लागतं. तिकडं बुरशीलाही रान मोकळं. एका गोळीच्या बदल्यात दोन्ही बाजूंनी जीव धोक्यात. गोळी बंद करायची वेळ आलीच तर ती केंद्रानं, टॅक्रोलिमसचा डोस बदलत करायची गोष्ट आहे.

काढ्याबद्दल. गुळवेल घेतात ती प्रतिकारशक्ती वाढवायला. इथं तीच दाबून ठेवायचीय. शिवाय गुळवेल घेतल्यावर यकृताला इजा झालेल्या रुग्णांची माहिती मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलीय. भाजीतली हळद चालते, हळदीच्या गोळ्या आणि काढे केंद्राला विचारल्याशिवाय नकोत. पपनसही टाळा, तेही त्याच एन्झाइममध्ये ढवळाढवळ करतं. वाफेनं बुरशी मरत नाही: एस्परजिलस ५० अंश सेल्सिअसलाही वाढते, त्याहून गरम वाफ घशालाच भाजेल. आणि घसा धरला म्हणून दुकानातून एरिथ्रोमायसिन किंवा क्लॅरिथ्रोमायसिन ही अँटिबायोटिकं मागू नका, त्यांनीही टॅक्रोलिमस चढतं. कुठल्याही दुकानात जाताना औषधांची पूर्ण यादी सोबत आणा. ती पाहिल्याशिवाय कुणी साधी गोळीही देऊ नये, असं मी माझ्या व्यवसायबंधूंनाही सांगतो.

राहिलं पसरण्याचं. एस्परजिलस किंवा काळी बुरशी रुग्णाकडून घरच्यांना होत नाही. रुग्णाचा मास्क त्याच्या स्वतःच्या बचावासाठी असतो. ताट-वाटी वेगळी काढू नका, लेकरांना त्याच्याजवळ बसू द्या. लांब राहायचं ते सर्दी-खोकला झालेल्यानं.