फोनची सिस्टिम बदलली म्हणून कोणी तुरुंगात जात नाही

परवा रात्री साडेदहाला नाशिकहून ताईचा फोन. आवाज कापत होता. "अरे, पोराला पोलीस नेतील का?" झालं होतं एवढंच की, भाच्याने जुन्या फोनमधली कंपनीची सिस्टिम काढून लिनिएजओएस टाकली होती, म्हणजे अँड्रॉइडच्या खुल्या, कोणालाही वाचता आणि बदलता येणाऱ्या कोडवर बनलेली दुसरी सिस्टिम. आणि ताईच्या भिशीच्या ग्रुपवर एक मेसेज फिरत होता: फोनची मूळ सिस्टिम बदलली तर तीन वर्षांची कैद, असे फोन गुन्हेगारच वापरतात, मुलांचे फोन तपासा, कोड उघडा असल्याने कोणीही फोन हॅक करतो, बँकेची अ‍ॅप बंद पडतात, आणि गोपनीयता हवीच असेल तर सेटिंग बंद करा, पुरे. ताईने त्याच रात्री पोराला सगळं पुसायला लावलं.

आधी तुरुंगाचं बघू. तीन वर्षांची शिक्षा आहे, पण ती वेगळ्याच गोष्टीला. २०२३ च्या दूरसंचार कायद्याच्या कलम ४२ मध्ये आयएमईआयसारख्या ओळख क्रमांकात फेरफार करणं हा गुन्हा आहे. आयएमईआय म्हणजे *#०६# दाबल्यावर दिसणारा फोनचा १५ अंकी क्रमांक. लिनिएजओएस टाकल्याने तो बदलत नाही. गाडीचा चासी नंबर खोडणं गुन्हा आहे, म्हणून सीटकव्हर बदलणाऱ्याला कोणी पकडतं का? आणि जानेवारी २०२३ मध्ये अश्विनी वैष्णव आणि धर्मेंद्र प्रधान या दोन केंद्रीय मंत्र्यांनी भारओएस ही देशी फोन-सिस्टिम सगळ्यांसमोर चालवून पाहिली, तीही अँड्रॉइडच्या खुल्या कोडवरच उभी आहे. आयआयटी मद्रासच्या आधाराने असं काम होतं, ते पोराने घरी केलं की गुन्हा?

'गुन्हेगारच वापरतात' या वाक्याचा मला सर्वात जास्त राग आहे. ते आईला स्वतःच्या पोराकडे संशयाने बघायला लावतं. खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असं सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २०१७ मध्ये एकमताने सांगितलंय. तो हक्क वापरणाऱ्या पोराने कसली सफाई द्यायची?

'सेटिंग बंद करा, पुरे' म्हणणाऱ्यांनी डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजचे डग्लस लीथ आणि एडिनबरा विद्यापीठातल्या संशोधकांचा ऑक्टोबर २०२१ चा अभ्यास वाचावा. त्यांनी सॅमसंग, शाओमी, हुआवे, रिअलमीचे फोन घेतले, जिथे नकार देता येतो तिथे दिला आणि फोन नुसते पडू दिले. तरी माहिती जातच राहिली: फोन बनवणाऱ्या कंपनीला, गूगलला, आणि आधीपासून भरलेल्या अ‍ॅपमुळे मायक्रोसॉफ्ट, फेसबुकलाही. शाओमीच्या फोनवरून तर कोणत्या अ‍ॅपचा कोणता स्क्रीन किती वेळ उघडा होता, हेही जात होतं. जवळजवळ काहीच न पाठवणारी एकच सिस्टिम निघाली, ई-ओएस. तीही खुल्या कोडचीच. याच तपासणीत लिनिएजओएसवरून गूगलकडे माहिती गेली, कारण तिच्यावर गूगलची अ‍ॅप टाकलेली होती. भाच्याने ती टाकली नव्हती.

उघड्या कोडचं एका वाक्यात: अँड्रॉइडचा पायाच खुला कोड आणि लिनक्स आहे, म्हणजे मेसेज पाठवणाऱ्यांच्या हातातही बहुधा तोच आहे.

राहिलं बँकेचं. इथे मेसेज अर्धा खरा आहे, हे मान्य करावं लागतं. काही बँकांची अ‍ॅप गूगलची मान्यता असलेली सिस्टिम नसेल तर उघडतच नाहीत. भाच्याच्या फोनवरही एक उघडलं नाही. शिवाय लिनिएजओएस टाकल्यावर बहुतेक फोनांचा बूटलोडर, म्हणजे फोन सुरू होताना कोणती सिस्टिम चालू द्यायची हे ठरवणारं कुलूप, उघडाच राहतो, फोन चोरीला गेला तर ते धोक्याचं. ग्राफीनओएस नावाच्या अशाच दुसऱ्या सिस्टिमवर तो पुन्हा बंद करता येतो, पण ती फक्त गूगलच्या पिक्सेल फोनवर चालते आणि पिक्सेल महाग. म्हणून यूपीआय आईच्या फोनवर ठेव, असं मी त्याला आधीच सांगितलं होतं.

शनिवारी मी नाशिकला जातोय. फोटोंचा बॅकअप घेऊन ताईच्या समोरच सिस्टिम पुन्हा टाकणार आहोत. तोवर मेसेज पाठवणाऱ्याने भिशीच्या ग्रुपवर कायद्याचं ते कलम टाकावं, ज्यात सिस्टिम बदलण्याला शिक्षा लिहिली आहे.