नकाशाला कान असतात

ज्याच्या सासऱ्यांची अख्खी नोकरी जमीन मोजण्यात गेली, त्या जावयाने नकाशाच्या वाटेला जाऊ नये. आमचे मामाजी भूकरमापक होते. निवृत्त झाले, पण मोजणी सुटली नाही. पंगतीत ताटातलं वरण भाजीच्या हद्दीत शिरलं, तर वाढणाऱ्याला आधी अतिक्रमणाची तोंडी नोटीस मिळते. कोणी फोनवर पत्ता विचारला की ते डोळे मिटून त्यालाच चतुःसीमा विचारतात. पूर्वेला काय दिसून राहिलं, उत्तरेला कोणाचं घर आहे. बिचाऱ्या कुरिअरवाल्याला आपण उभे कुठे आहोत हेच माहीत नसतं, म्हणून तर त्याने फोन केलेला असतो.

तर या घरात धाकट्या साळीचं लग्न ठरलं. तेही मे महिन्यात, जेव्हा नागपुरात भर दुपारी पत्ता विचारायला रस्त्यावर माणूस सापडत नाही. हॉल वर्धा रोडवर, नवरदेवाकडची मंडळी धरमपेठेत, आपली मंडळी बर्डीच्या लॉजवर, आणि तिथे मावली नाहीत ती महालात मोठ्या मामींकडे. पाहुणे यवतमाळचे, चंद्रपूरचे, बालाघाटचे. धाकटा साळा इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला, म्हणजे त्याला सगळंच येत होतं. तो म्हणाला, "लग्नाची वेबसाइट करतो. तिच्यात नकाशा टाकतो. पिन दाबली की पत्ता उघडते." एका रात्रीत त्याने ते केलंही आणि परीक्षा लागली म्हणून होस्टेलला निघून गेला. जाताना सगळ्यांसमोर जाहीर करून गेला, "बाकीचं जिजाजी पाहून घेतील."

मामाजींच्या काळचा नकाशा कागदावर असे. शाई वाळली की तो गुंडाळून कपाटात जाई आणि कोणी काढेपर्यंत गुमान पडून राही. वेबवरच्या नकाशाला कान असतात. तो क्लिक ऐकतो, डबल क्लिक ऐकतो, माऊसचं चाक फिरलेलं ऐकतो, बोट सरकलेलं ऐकतो. स्वतः हलला तर "मी हललो" अशी वर्दी स्वतःच देतो. जावास्क्रिप्टमध्ये, म्हणजे वेबपान ज्या भाषेत हलतं-बोलतं तिच्यात, या वर्द्यांना इव्हेंट म्हणतात. साळ्याने एका ठिकाणी असं लिहून ठेवलं होतं की नकाशा हलला की तो पुन्हा हॉलवर आणून ठेवायचा. आणून ठेवणं म्हणजेही हलवणंच. त्याची वर्दी पुन्हा येणार, पुन्हा आणून ठेवणार. नकाशा जागच्या जागी कापत उभा, आणि लॅपटॉपचा पंखा कूलरशी स्पर्धा करून राहिलेला.

साळ्याची निवड वाईट नव्हती, हे मात्र म्हटलं पाहिजे. लीफलेट ही कीवच्या व्होलोदिमिर अगाफोनकिन यांनी 2011 साली आणलेली लायब्ररी, म्हणजे वेबपानावर नकाशा दाखवायचा तयार कोड. आटोपशीर आणि फुकट. खालचा नकाशा ओपनस्ट्रीटमॅपचा, जो 2004 पासून जगभरची हौशी माणसं भरत आली आहेत. हा नकाशा अखंड येत नाही, 256 पिक्सेलच्या चौकोनी फरशांनी येतो. झूम शून्य असताना सगळं जग एका फरशीत बसतं. एक पायरी उतरलं की एकेका फरशीच्या चार होतात. अठराव्या पायरीवर पृथ्वीला 6,871 कोटींहून जास्त फरशा लागतात. मी हे मामाजींना मोठ्या कौतुकाने सांगितलं. त्यांनी एवढंच विचारलं, "बसवायची मजुरी कोणी दिली?"

पहिल्यांदा पान उघडलं तेव्हा हॉलची पिन नागपुरात नव्हतीच. आपण 21.15 उत्तर अक्षांशावर आणि 79.09 पूर्व रेखांशावर. पण जिओजेसन नावाच्या फाइलमध्ये रेखांश आधी लिहायची रीत आहे, आणि लीफलेटमध्ये हाताने पिन लावायची तर अक्षांश आधी द्यावा लागतो. व्याही-व्याही आपापल्या रीतीवर ठाम. साळ्याने फाइलमधले आकडे उचलून आहेत त्याच क्रमाने नकाशाला दिले, आणि 79 उत्तर, 21 पूर्व या हिशेबाने लग्न लागलं नॉर्वेच्या स्वालबार्ड द्वीपसमूहात, उत्तर ध्रुवापासून अकरा अंशांवर. मे महिन्यासाठी नवरीला ही जागा एकदम पसंत पडली. मामाजी चष्मा वर करून स्क्रीनकडे बघत म्हणाले, "थंड आहे ते ठीक. पण मौजा कोणता?"

आकडे उलटवून पिना नागपुरात आणल्या, तर प्रत्येक पिन दाबली की एकच पत्ता उघडे. हॉल दाबा, लॉज दाबा, नवरदेवाचं घर दाबा, उघडणार 'मोठ्या मामींकडे, महाल'. हे दुखणं जावास्क्रिप्टच्या जुन्या लोकांना तोंडपाठ आहे. यादीतल्या प्रत्येक ठिकाणासाठी लूप, म्हणजे तेच काम पुन्हा पुन्हा करणारी फेरी, फिरते आणि पिन लावते. पण 'व्हार' लिहून केलेलं नाव सगळ्या फेऱ्यांत मिळून एकच असतं. लूप डोळ्याचं पातं लवायच्या आत संपते. माणूस क्लिक करतो तो मागाहून, आणि तोवर त्या नावात यादीतला शेवटचा पत्ता येऊन बसलेला असतो. 2015 पासून भाषेत 'लेट' आहे, जो दर फेरीला नवीन नाव देतो. एक शब्द बदलला आणि भागलं. मोठ्या मामींना मात्र ते तेवढं रुचलं नाही. आधीचाच नकाशा बरोबर होता, सगळे आधी आपल्याकडेच येतात, असं त्यांचं म्हणणं.

यानंतर आला करडा रंग. त्याच्याबद्दल सावकाश बोललं पाहिजे, कारण माझी सुटी त्याने खाल्ली.

साइटवर तीन टॅब होते: कार्यक्रम, नकाशा, फोटो. पान उघडतं तेव्हा नकाशाचा टॅब लपलेला. लीफलेटचा नकाशा तयार होतानाच आपली चौकट मोजून ठेवतो, आणि लपलेल्या टॅबची लांबी-रुंदी भरते शून्य. त्या शून्याच्या मापाने तो फरशा मागवतो. मग आपण टॅब उघडतो, तर डाव्या कोपऱ्यात सीताबर्डीचा एक तुकडा आणि बाकी सगळीकडे करडं मैदान. मामाजी तोंडात सुपारी धरून म्हणाले, "बाकीची जमीन संपादनात गेली काय जी?"

या रोगाचा कावेबाजपणा असा की तो डॉक्टरसमोर बरा होतो. चूक कुठे आहे ते बघायला ब्राउझरची डेव्हलपर टूल्स उघडावीत, तर तो कप्पा खालून वर येतो, पानाची उंची बदलते, खिडकीचं माप बदलल्याची वर्दी नकाशाला ऐकू जाते, आणि तो झटकन स्वतःला पुन्हा मोजून सगळ्या फरशा मागवतो. सुबक, भरलेलं नागपूर. कप्पा बंद करून पान पुन्हा उघडलं की परत करडं. मी हे घरच्यांना समजावून सांगायला गेलो, तर बायको म्हणाली, "तू पाहतोस तेव्हा दिसते ना? मग पाहतच राहा."

तेवढ्यात यवतमाळच्या काकांना औषध सापडलं. त्यांनी वैतागून फोन आडवा केला. आडवा केला की माप बदलतं, माप बदललं की नकाशा शहाणा होतो. काकांनी हा शोध कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. त्या संध्याकाळी सगळी पाहुणेमंडळी फोन आडवा-उभा करत होती, आणि आत्याबाईंनी तर हातातला फोन तसाच ठेवून स्वतः मान आडवी करून पाहिली.

खरं औषध एका ओळीचं आहे. टॅब उघडल्यावर नकाशाला सांगायचं, 'इन्व्हॅलिडेटसाइझ', म्हणजे बाबा, जुनं माप रद्द, पुन्हा मोज. अडचण एवढीच की साळ्याने टॅब अलगद सरकत उघडेल अशी शोभा केली होती. ती संपायच्या आत मोजलं तर अर्धवटच माप मिळतं. म्हणून थोडं थांबून सांगायचं. किती थांबायचं? जगभरचे प्रोग्रामर तिथे 300 मिलिसेकंद लिहितात, आणि 300 च का हे कोणी विचारत नाही. माझ्या फोनवर तेवढे पुरले. मामाजींच्या फोनला टॅब उघडायलाच विचार करावा लागतो, तिथे पुरले नाहीत. शेवटी 'रिझाइझ ऑब्झर्व्हर' लावला. तो चौकटीवरच नजर ठेवून असतो आणि तिचं माप बदललं की कळवतो, मग टॅब कितीही आळसावून उघडो.

रात्री मी डोकं धरून बसलेला बघून मामाजी शेजारी आले. मला वाटलं, धीर देतील. ते म्हणाले, "लॅम्बटन माहीत आहे काय? 1802 ला मद्रासहून देश मोजायला निघाला. कोन मोजायचा अर्ध्या टनाचा थिओडोलाइट संगं. नागपूरच्या वाटेवर हिंगणघाटला मेला 1823 ला, थडगं आहे तिथं. पण मोजणी सोडली नाही. अन् तुम्ही माऊस ओढून थकले?" लॅम्बटनच्या थिओडोलाइटला टॅब नव्हते, हे मी मनातल्या मनात म्हटलं.

त्यांची स्वतःची मागणी वेगळीच होती. पार्किंगच्या जागा ते बोट ठेवून दाखवणार, आणि बोट ठेवतील तिथे पिन लागली पाहिजे. ही सोय करणं दोन ओळींचं काम. मग मी नकाशावरच, उजव्या कोपऱ्यात, 'सगळ्या पिना पुसा' असं बटण ठेवलं. आता ब्राउझरमधला क्लिक हा एकत्र कुटुंबातल्या गोष्टीसारखा असतो. आपण स्वयंपाकघरात साळीला हळूच म्हणावं की गुलाबजाम नको, तर ते सासूबाईंना कळतं, तिथून मामाजींना, आणि पाच मिनिटांत ओसरीवर चर्चा सुरू होते की जवाईबापू रुसून राहिले. बटणावर पडलेला क्लिक बटणापाशी थांबत नाही, वरच्या डब्यात जातो, तिथून त्याच्याही वरच्या. इथे बटणाच्या वर होता नकाशा. बटण दाबलं की सगळ्या पिना पुसल्या जात, आणि मग तोच क्लिक नकाशाच्या कानावर जाऊन बटणाच्या बरोबर खाली एक नवी पिन ठोके. मामाजींनी ते बटण शांतपणे कितीतरी वेळ दाबलं. दर वेळी एक पिन उरायची. "हा कब्जेदार काही निघत नाही," ते म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात मला नोकरीतला जुना अनुभव ऐकू आला.

लीफलेटमध्ये यासाठी 'डिसेबलक्लिकप्रॉपगेशन' आहे, म्हणजे क्लिक वर जाऊ न देणं. ते लावलं, कब्जेदार हटला. तरी पिना आपोआप वाढतच होत्या. मामाजी जवळून बघायला नकाशावर डबल क्लिक करत. डबल क्लिकची वर्दी यायच्या आधी दोन साध्या क्लिकच्या वर्द्या येऊन गेलेल्या असतात, म्हणजे बघायला गेले की दोन पिना. त्या नादात फुटाळा तलावाच्या मधोमध चारचाकींची उत्तम व्यवस्था झाली. डबल क्लिकने झूम होणं बंदच करून टाकलं. बारीकसारीक बाकीचं: टॅब दर वेळी उघडताना कान नव्याने जोडले जात होते, म्हणून तिसऱ्या उघडण्याला एका बोटात तीन पिना, आणि आत्याबाई मुहूर्त बघायला चाक फिरवत खाली जात, तर वाटेत नकाशा ते चाक पकडे आणि त्यांना मुहूर्ताऐवजी आफ्रिका दिसे. चाकाचं झूमही बंद केलं.

एक मानापमानाचा प्रसंग सांगायलाच हवा. वरचा मेनू उघडला की तो नकाशाच्या मागे दडून बसायचा. पानावर कोण पुढे, कोण मागे हे झेड-इंडेक्स नावाच्या आकड्यावर ठरतं. लीफलेटमध्ये फरशांना 200, पिनांना 600, पत्त्याच्या फुग्याला 700, आणि कोपऱ्यातल्या बटणांना 1000. साळ्याने मेनूला 10 दिले होते. लग्नघरात इतक्या कमी आकड्यावर कोणी पुढे बसतं का?

मे महिन्यात मारबत निघत नाही याचं मला त्या आठवड्यात फार वाईट वाटलं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात काळी-पिवळी मारबत, म्हणजे मोठाले पुतळे, मिरवणुकीने निघते आणि गावाची सगळी ईडा-पिडा तिच्यासोबत घालवतात. सोबत बडग्याही असतात, वर्षभराच्या तक्रारींचे. चौकट न मोजणाऱ्या नकाशाचा एक करडा बडग्या मी स्वखर्चाने केला असता. "रिकाम्या फरशा घेऊन जाऽऽ गे मारबत!"

शेवटी नकाशा लागला. मामाजींनी तो फोनवर उभा, आडवा, बोट ठेवून, बोट न ठेवता तपासला आणि निर्णय दिला, "चांगला आहे. आता पत्रिकेच्या मागं छापा." छापायची आज्ञा दिली की कागदाच्या मापाने पानाची रुंदी बदलते, आणि नव्या जागेच्या फरशा येईपर्यंत प्रिंटर थांबत नाही; पुन्हा करडं. मी वाद न घालता स्क्रीनचा फोटो काढून छापखान्यात दिला. कोपऱ्यातली श्रेयाची ओळ तेवढी काढली नाही. ओपनस्ट्रीटमॅपच्या परवान्यात ती लागतेच, आणि मामाजींचंही तेच मत. नकाशाखाली खात्याचं नाव पाहिजे.

पत्रिका वाटून झाल्या आणि महालातून मोठ्या मामींचा फोन आला.

"जवाईबापू, नकाशा छान आहे. पण खाली लिहिलं आहे, ओपनस्ट्रीटमॅप योगदानकर्ते. हे कोणाकडचे? आपले की नवरदेवाकडचे?"

"कोणाचेच नाही मामी. जगभरचे लोक आहेत ते."

"किती जण?"

"लाखो असतील."

"अन् केटररला आकडा सांगितला काय?"