ख्रिस्तसभा लोकशाही नाही हे मान्य, पुढचं मान्य नाही

कॅथोलिक ख्रिस्तसभेतल्या सिनडचा, म्हणजे पोपना सल्ला देणाऱ्या सभेचा, विषय निघाला की एक मजकूर हमखास फिरतो. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: प्रापंचिकांचं (धर्मगुरू नसलेल्या सामान्य श्रद्धावंतांचं) ऐकायचं हे खूळ पोप फ्रान्सिस यांनी आणलं. ख्रिस्तसभा म्हणजे लोकशाही नव्हे, हे असंच चाललं तर उद्या धर्मसिद्धांतही हात वर करून ठरतील. कळपाने मेंढपाळाला शहाणपण शिकवू नये. आणि ऐकायला बसलात तरी बोलणार कोण, तर नेहमीचेच कुरकुरे.

‘हे फ्रान्सिस यांचं खूळ’

तारखा बघा. दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेचा, म्हणजे जगभरच्या बिशपांच्या सभेचा, ख्रिस्तसभेविषयीचा दस्तऐवज १९६४चा. त्यात देवाच्या प्रजेवरचं प्रकरण आधी येतं, अधिकारश्रेणीवरचं नंतर. १९८३च्या धर्मसंहितेतलं (ख्रिस्तसभेच्या कायद्यातलं) कलम २१२ सांगतं की ख्रिस्तसभेच्या हिताबद्दलचं आपलं मत धर्माधिकाऱ्यांना कळवणं हा श्रद्धावंतांचा हक्क आहे, प्रसंगी कर्तव्यही. ही संहिता लागू केली जॉन पॉल दुसरे यांनी. त्यांना कुणी बंडखोर म्हटल्याचं ऐकिवात नाही.

आणखी मागे जाऊ. नववे पायस हे तर परंपरावाद्यांचे लाडके पोप. मरियेच्या निष्कलंक गर्भसंभवाचा (ती मूळ पापाविना गर्भात आली हा) सिद्धांत जाहीर करण्याआधी, १८४९ मध्ये, त्यांनी जगभरच्या बिशपांना पत्र पाठवून विचारलं की याबाबत तुमच्या धर्मगुरूंची आणि लोकांची भक्ती कशी आहे. घोषणा झाली १८५४ मध्ये. मरियेच्या स्वर्गोन्नयनाच्या (ती देहासह स्वर्गात घेतली गेली या) सिद्धांताच्या वेळी बाराव्या पायसनीही १९४६ मध्ये अशीच विचारणा केली आणि १९५० मध्ये सिद्धांत घोषित केला. इंग्लंडचे धर्मगुरू आणि विचारवंत जॉन हेन्री न्यूमन यांनी १८५९ च्या आपल्या लेखात नवव्या पायसच्या विचारणेचा दाखला दिला आणि वर आठवण करून दिली की चौथ्या शतकात एरियसच्या (ख्रिस्त देवाच्या बरोबरीचा नाही या) मतापुढे भलेभले बिशप डगमगले, तेव्हा ख्रिस्ताच्या देवत्वावरची श्रद्धा सामान्य लोकांनी टिकवली. लेखाविरुद्ध रोमला तक्रार गेली. न्यूमन २०१९ मध्ये संत झाले.

‘सिद्धांत मतदानाने ठरतील’

ऑक्टोबर २०२३च्या सिनडमध्ये स्त्रियांना प्रथमच मताधिकार मिळाला, हे खरं. पण मतदारांत बहुसंख्य बिशपच होते, सिनड पोपना सल्ला देते आणि शिक्कामोर्तब पोपच करतात. विचारणं वेगळं, ठरवणं वेगळं. संत बेनेडिक्ट यांच्या सहाव्या शतकातल्या मठनियमात मठाधिपतीला सांगितलंय की महत्त्वाच्या कामी सगळ्या बंधूंना बोलवा, कारण देव पुष्कळदा धाकट्यालाच योग्य गोष्ट सुचवतो. मग निर्णय तुम्ही घ्या. त्याने मठांची लोकशाही झाली नाही.

उलट, सल्ला हा निव्वळ शिष्टाचार नव्हे हे लोकांना माहीतच नसतं. महत्त्वाचे आर्थिक निर्णय घेण्याआधी बिशपनी धर्मप्रांताच्या (आपल्या अखत्यारीतल्या प्रदेशाच्या) अर्थसमितीचं ऐकणं सक्तीचं आहे, आणि या समितीत प्रापंचिक बसू शकतात. जिथे सल्ला सक्तीचा आहे तिथे तो न घेता केलेली कृती कलम १२७नुसार अवैध ठरते. सल्ला मानलाच पाहिजे असं नाही, पण विचारलंच पाहिजे.

‘कळपाने शहाणपण शिकवू नये’

हा मुद्दा सगळ्यांत घातक, म्हणून जरा थांबून बोलतो.

जानेवारी २०१५ मध्ये चिलीतल्या ओसोर्नो धर्मप्रांतासाठी हुआन बारोस यांची बिशप म्हणून नेमणूक झाली. बारोस हे फर्नांदो कारादिमा या धर्मगुरूच्या वर्तुळातले, आणि कारादिमाला अल्पवयीनांच्या लैंगिक शोषणाबद्दल व्हॅटिकननेच २०११ मध्ये दोषी ठरवलं होतं. पीडित सांगत होते की बारोसना सगळं ठाऊक होतं. बारोस ते नाकारत होते. मार्चमध्ये पदग्रहणाच्या मिस्सेला (उपासनाविधीला) काळे कपडे घातलेले, हातात काळे फुगे घेतलेले लोक थेट कॅथेड्रलमध्ये शिरले. विधी घाईघाईत उरकावा लागला. त्याच वर्षी फ्रान्सिस यांनी काही यात्रेकरूंना सांगितलं की ओसोर्नोचे लोक स्वतःच्या मूर्खपणामुळे त्रास भोगताहेत, डाव्यांच्या नादी लागलेत. जानेवारी २०१८च्या चिली भेटीत या आरोपांना त्यांनी बदनामी म्हटलं. (ज्यांनी ऐकण्याचं खूळ आणलं म्हणतात, तेच हे पोप.)

आरडाओरडा झाल्यावर त्यांनी आर्चबिशप चार्ल्स शिक्लुना यांना चौकशीला पाठवलं. २,३०० पानांचा अहवाल आला. एप्रिलमध्ये फ्रान्सिस यांनी आपल्या हातून गंभीर चुका झाल्याचं लिहून दिलं, मेमध्ये चिलीच्या बिशपांनी एकत्रितपणे राजीनामे देऊ केले, जूनमध्ये बारोस यांचा राजीनामा स्वीकारला गेला.

ओसोर्नोच्या लोकांना ईशज्ञानाची पदवी नको होती, ते सिद्धांतही बदलायला निघाले नव्हते. आपल्यावर कोणाला नेमलंय एवढंच सांगत होते. तीन वर्षांहून अधिक काळ गेला तो कळपाने ऐकावं आणि गप्प बसावं याच वृत्तीपायी.

‘बोलणार ते नेहमीचेच’

यात तथ्य आहे. बैठकीला येतात ते बहुधा आधीच सक्रिय असलेले. तरुण, गरीब, देवळापासून दुरावलेले येत नाहीत. पण म्हणून बैठकाच बंद करायच्या की न येणाऱ्यांच्या दारी जायचं? आवाज चढवणाऱ्यांवरचा उपाय तर सिनडनेच वापरला. गोल टेबलाभोवती प्रत्येकाने ठरावीक वेळ बोलायचं, मग शांत बसायचं, दुसऱ्या फेरीत स्वतःचं पुढे न रेटता इतरांचं काय भिडलं ते सांगायचं. कुरकुऱ्याला मिळतात तेवढीच मिनिटं गप्प बसणाऱ्यालाही मिळतात.

ऑक्टोबर २०२४च्या अंतिम दस्तऐवजाने धर्मग्रामाच्या (स्थानिक चर्चच्या) परिषदा सक्तीच्या कराव्यात अशी मागणी केली आहे. धर्मग्रामाची अर्थसमिती तर कलम ५३७नुसार आजही सक्तीचीच आहे. तो मजकूर पुढे पाठवण्याआधी आपल्याकडची समिती शेवटची कधी बसली, एवढं विचारून पाहायला हरकत नाही.