डेस्मंड टूटू यांना नोबेल मिळालं तेव्हा ते आर्चबिशप नव्हते

‘केपटाउनचे आर्चबिशप डेस्मंड टूटू १९८४ साली शांततेचं नोबेल मिळवणारे पहिले दक्षिण आफ्रिकी ठरले’ असा मजकूर सध्या फिरतोय. यात दोन चुका आहेत. पहिला मान आल्बर्ट लुथुली यांचा. त्यांना १९६० सालचं नोबेल मिळालं होतं.

दुसरी चूक मला जास्त खटकते. टूटू १९७६ मध्येच लेसोथोचे बिशप झाले होते, पण १९७८ मध्ये ते सोडून जोहान्सबर्गला आले आणि दक्षिण आफ्रिकेतल्या चर्चेसच्या परिषदेचे सरचिटणीस झाले. नोबेल जाहीर झालं ते याच पदावर असताना. आर्चबिशप ते १९८६ मध्ये झाले. म्हणजे वर्णद्वेषी सरकारने पासपोर्ट काढून घेतला, परिषदेमागे चौकशी आयोग लावला, तेव्हा पाठीशी आर्चबिशपपदाचं वजन नव्हतं. तरी हा माणूस बोलत राहिला. त्याचं हे श्रेय पदाच्या खाती कशाला टाकायचं?

तसं मोठेपणाचं त्यांना अप्रूप नव्हतंच. डिसेंबर २०२१ मध्ये ते गेले, तेव्हा केपटाउनच्या सेंट जॉर्जेस कॅथेड्रलमध्ये त्यांच्याच इच्छेनुसार पाइनच्या लाकडाची अगदी साधी शवपेटी ठेवली होती. उचलायला दोरीच्या मुठी.