निपाणीकरांच्या प्रतिक्रियेला उत्तर: घासलेली काळी पट्टी आणि नऊ पिनांचा जॉयस्टिक

नमस्कार निपाणीकर,

सगळ्यात आधी एक काम. भंगारातून आणलेला तो नऊ पिनांचा काठीवाला जॉयस्टिक अजून मशीनला लावला नसेल तर थांबा, लावू नका. कारण शेवटी सविस्तर सांगतो. तुमची प्रतिक्रिया वाचल्यावर मला खरी धास्ती त्याच ओळीची वाटली.

बाकीच्या वाचकांसाठी थोडक्यात. मागे मी जुने गेमचे रिमोट टाकू नका, उघडून साफ करा असं लिहिलं होतं. (रिमोट म्हणजे पॅड. आपल्याकडे तेव्हाही रिमोटच म्हणायचे, आजही म्हणतात.) ते वाचून निपाणीकरांनी भाच्यासाठी माळ्यावरचा मीडियाचा गेम (टीव्हीला लावून खेळायचं जुनं मशीन) काढला, रिमोट उघडला आणि मी सांगितल्याप्रमाणे आतल्या काळ्या पट्ट्या पॉलिश पेपरने घासल्या. अडत अडत का होईना चालणारी 'खाली'ची दिशा त्यानंतर कायमची बंद पडली. त्यांचं पुढचं म्हणणं असं की नवा रिमोट दोन-अडीचशेत घरपोच येतो, मग हा खटाटोप कशाला? आणि निन्टेन्डो ६४, ड्रीमकास्ट असल्या मशीनच्या गप्पा बेळगाव-निपाणीत कुणासाठी मारता, इथे ती होती कुणाकडे?

पहिल्या तक्रारीत चूक पूर्णपणे माझी आहे. पॉलिश पेपरचं ते वाक्य मी लिहायला नको होतं. लेखातून ते आज काढलं आहे आणि का काढलं तेही तिथेच लिहिलं आहे. तुमचा रिमोट माझ्या शब्दावर बिघडला, त्याबद्दल मनापासून माफी मागतो.

चूक कशी झाली ते सांगतो, म्हणजे दुसऱ्या कुणाचा रिमोट जाणार नाही. गेमच्या कॅसेटच्या पिना धातूच्या असतात. त्या काळवंडल्या की खोडरबराने हलक्या हाताने पुसून चकचकीत करता येतात, हे मी कित्येक वर्षं करत आलोय. तोच हात मी रिमोटच्या पट्टीवर, म्हणजे आतल्या सर्किट बोर्डावर, चालवायला सांगितला. पण तिथली काळी नक्षी धातूची नाही, ती पट्टीवर छापलेली कार्बनची शाई आहे. बोटांत बोटं गुंतवावीत तशा दोन काळ्या फण्या समोरासमोर असतात, एकमेकींना न चिकटता. वरच्या रबराला आतून काळी गोल टिकली असते. बटण दाबलं की टिकली दोन्ही फण्यांवर एकदम टेकते आणि वीज इकडून तिकडे जाते. पॉलिश पेपरने ही शाई झिजते. खाली तांबं असेल तर ते उघडं पडतं आणि आपल्या पावसाळ्यात त्यावर हिरवा गंज चढायला वेळ लागत नाही. तांबं नसेल तर फणीचा दातच जातो.

त्याहून वाईट गोष्ट वेगळीच आहे. स्वस्तातल्या एकपदरी पट्ट्यांवर काही काळ्या रेघा बटणाच्या नसतातच, त्या पूल असतात. एका तांब्याच्या वाटेवरून दुसरी वाट न्यायची असेल तर मध्ये वीज अडवणारा हिरवा थर देऊन वरून कार्बनची रेघ ओढतात. तुमची फणी शाबूत दिसत असूनही 'खाली' मेलं असेल, तर तुमच्या हातून असा पूल खरवडला गेला असण्याची शक्यता जास्त वाटते मला.

हे ओळखायला मल्टिमीटरही लागत नाही. रिमोट उघडाच ठेवून मशीनला जोडा, गेम चालू करा आणि कागदाची पिन वाकवून 'खाली'च्या दोन्ही फण्यांना एकदम टेकवा. बटण दाबल्यावर जे होतं तेच तुम्ही पिनेने करताय, त्याने काही बिघडत नाही. पडद्यावरचा गडी खाली बसला तर पट्टी ठीक आहे, दोष टिकलीत आहे. नाही बसला तर पूल तुटलाय. कार्बनवर सोल्डर धरत नाही, म्हणून ती रेघ जिथून निघते आणि जिथे पोचते त्या दोन तांब्याच्या ठिपक्यांवरचा हिरवा थर ब्लेडच्या टोकाने खरवडून केसाएवढी इनॅमलची तार टाकायची. ट्रान्सफॉर्मर किंवा मोटर भरणाऱ्या कुणाकडेही वीतभर मिळेल, फक्त टोकांवरचं इनॅमल घासून घ्यायला विसरू नका. फणीचा दातच गेला असेल तर ग्राफाइटचा कंडक्टिव्ह पेंट लावावा लागतो. ८बी पेन्सिल गिरवूनही चालतं, पण फार दिवस टिकत नाही.

दोष टिकलीत निघाला तर सोपं आहे. टीव्हीच्या रिमोटला लावायच्या टिकल्या गोंदासकट मिळतात. खडे बाजारात मी ज्या अण्णांकडून घेतो ते एकेक सुटीही देतात. काही जण टिकलीवर चांदीचा कागद चिकटवतात. चालतो झकास, मात्र कागदाची कड खालचा कार्बन खात राहते, म्हणून मी करत नाही. रबर कोमट पाण्यात साबणाने धुवा, सावलीत पूर्ण सुकवा. पट्टीला कापसाच्या काडीवर आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल), बस्स. मोबाईल दुरुस्तीवाल्यांकडे असतं ते. हातावर चोळायचं सॅनिटायझर नको, त्यातलं ग्लिसरीन मागे चिकट थर ठेवतं. नखपॉलिश काढायचं पाणी तर अजिबात नको, ॲसिटोनने खोकं विरघळतं.

आता नव्या रिमोटबद्दल. नवा घ्यायला माझा विरोध नाही, पण आधी दोन्ही उघडून शेजारी ठेवा. जुन्याच्या अधिक चिन्हाखाली, बरोबर मध्यावर, एक टेकू दिसेल. उजवीकडे दाबलं की त्या टेकूवर तोलून डावी बाजू वर उठते, त्यामुळे दोन विरुद्ध दिशा एकदम लागत नाहीत आणि अंगठ्याला कळतं आपण कुठे आहोत. माझ्याकडे आलेल्या बऱ्याच स्वस्त नव्या रिमोटमध्ये हा टेकू एकतर नव्हता किंवा इतका आखूड होता की असून नसल्यासारखा. मग काँट्रासारख्या गेममध्ये धावायला जावं तर गडी लोळण घेतो आणि पोराला वाटतं आपल्यालाच येत नाही. मला राग येतो तो याचा. खेळणाऱ्याचं चुकलं की वस्तूचं, हे पोराला कळलं पाहिजे. तेव्हा नवा घ्यायचाच तर त्याचं रबर जुन्या खोक्यात बसतंय का बघा. बसलं तर जुना टेकू आणि नवं रबर, यासारखी जोडी नाही.

निन्टेन्डो ६४ कुणाकडे होतं म्हणता. मी दुरुस्त केलेलं पहिलं मशीन खानापूर तालुक्यातल्या एका घरातून आलं होतं, काका आखातात होते त्यांनी आणलेलं. खानापूर आणि पलीकडे गोव्याच्या बाजूला अशी घरं बरीच आहेत. प्लेस्टेशनचं तर सांगायलाच नको, बेळगावात तासावर पैसे देऊन आमची अख्खी पिढी खेळलीय. तरी तुमची तक्रार अर्धी मान्य. मीडियाच्या रिमोटला मी चार ओळी दिल्या आणि या मशीनना चार पानं. ते प्रमाण चुकलंच.

पण ती पानं मी हौसेने लिहिली होती आणि त्यांतली एक गोष्ट इथे पुन्हा सांगतो, कारण चांगली काठी कशी ओळखायची याचं उत्तर तीत आहे. खानापूरच्या त्या मशीनची काठी उघडली तेव्हा आतून पांढरी पूड सांडली. पिठाच्या गिरणीत सांडते तशी, बारीक, बोटाला चिकटणारी. १९९६ साली आलेल्या या काठीत दोन चकत्या असतात, कडेला बारीक खाचा पाडलेल्या. काठी हलली की चकती फिरते, खाचांतून प्रकाश लुकलुकतो आणि मशीन ते लुकलुकणं मोजतं. हा भाग झिजत नाही, कारण प्रकाश कशालाच घासत नाही. झिजतं ते खाली: काठीचं टोक प्लास्टिकच्या वाटीत फिरतं आणि वाटीला खात जातं. ती पूड म्हणजे ती वाटी. वाटी खोल झाली की काठी मान टाकते.

म्हणून अशी काठी जुन्या बाजारात घेताना ती हलवून बघण्याआधी मी रिमोट उपडा करून सोडतो. काठी लुळी पडून एका बाजूला कलली तर ठेवून देतो, मग खोकं कितीही कोरं दिसो. आतली पूड पुसून प्लास्टिकला चालणारं सिलिकॉनचं ग्रीस अगदी दाण्याएवढं लावलं तर पुढची झीज मंदावते. गेलेली वाटी मात्र परत येत नाही, तिथे बदलीच करायची. त्यातही जपून. मूळ काठी एका बाजूला पूर्ण ढकलली की मशीनला साधारण ८० च्या आसपास आकडा जातो. बऱ्याच स्वस्त बदली काठ्या १०० च्या वर पाठवतात आणि गेममध्ये हळू चालणं म्हणून राहतच नाही. काठी नीट आहे पण गडी आपोआप सरकतोय असं झालं, तर आधी काठी मोकळी सोडून एल, आर आणि स्टार्ट एकदम दाबा, मध्यबिंदू नव्याने धरला जातो. चालू करताना काठीला बोट लागलेलं असतं, एवढंच कारण असतं बऱ्याचदा.

प्लेस्टेशनच्या काठीचं दुखणं वेगळं. तिथे कार्बनच्या पट्टीवर पितळेसारखी जीभ घासत जाते आणि मध्यभागी जास्त झिजते. काठीच्या बाजूला असलेल्या त्या भागाच्या दोन बाहेरच्या पायांवर मीटर धरलं तर १० किलो-ओहमच्या आसपास यायला हवं आणि मधल्या पायावर काठी हलवताना आकडा सलग सरकायला हवा. उड्या मारत असेल तर आधी आयपीए. मीटर लावताना तो भाग सर्किट बोर्डावरून सुटा असला तर आकड्यावर भरवसा, जोडलेला असेल तर फक्त अंदाज. गंज काढायचा तेलकट फवारा कुणी कितीही सांगो, मारू नका. चार दिवस काठी सुतासारखी चालते, मग त्या तेलावर धूळ बसते आणि दुप्पट त्रास देते.

'नवं ते चांगलं' यावर एक सांगायचं राहिलं. आज चुंबकावर चालणाऱ्या, न घासणाऱ्या काठ्या मोठ्या कौतुकाने विकतात. त्यामागचा हॉल परिणाम (चुंबक जवळ-दूर झाला की विजेत पडणारा फरक) १८७९ सालचा आहे आणि सेगाने १९९८ च्या ड्रीमकास्टच्या रिमोटमध्ये तो वापरलाही होता. माळ्यावरची वस्तू मागासच असेल असं धरून चालायला नको.

आणि काही भाग इथे करून मिळतात, त्याचं मला फार अप्रूप आहे. गेम पार्लरमधल्या एका काठीचं मधलं बूश ढिलं झालं होतं, लोखंडी काठी खडखडायची. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या एका टर्नरकडे नेलं. त्यांनी व्हर्निअर एकदा आडवा लावला, एकदा उभा, आणि म्हणाले, "भोक लांबडं झालंय की हो, दोन्हीकडं माप येगळं येतंय." डेलरिनचा (कडक प्लास्टिकचा) तुकडा लेथवर धरला, चहा येईपर्यंत नवं बूश हातात. बसवून काठी सोडली तर ती थरथर न करता सरळ मध्यावर येऊन थांबली. पंप आणि व्हॉल्व्हचे भाग कातणाऱ्या हातांना हे काम किरकोळ. विचारायला मात्र जावं लागतं.

आता तुमचा जॉयस्टिक. नऊ पिनांचा सॉकेट दिसायला सारखाच, पण आतली भाषा दोन प्रकारची. अटारी या जुन्या गेम कंपनीच्या पद्धतीच्या काठीत प्रत्येक दिशेला स्वतंत्र तार असते: १ वर, २ खाली, ३ डावीकडे, ४ उजवीकडे, ६ फायर आणि ८ ग्राउंड. मीडियासारख्या मशीनच्या रिमोटमध्ये एक चिप आठही बटणं ओळीने वाचते आणि एकाच तारेवरून सांगते, म्हणून तिला पाच व्होल्टही लागतात. मी उघडलेल्या अशा मशीनमध्ये हे पाच व्होल्ट बहुतेक वेळा ६ नंबरवर आणि ग्राउंड ८ वर निघाले. अटारीवाली काठी तिथे लावून फायर दाबलं की पाच व्होल्ट थेट ग्राउंडला भिडतात. भाचा फायर दाबणारच.

तेव्हा मीटर कंटिन्युइटीवर (जोड असला की वाजतं त्या खुणेवर) टाका, जॉयस्टिक कशालाही न जोडता ६ आणि ८ वर टोकं धरा आणि फायर दाबा. दाबल्यावर वाजलं, सोडल्यावर बंद झालं, तर ती अटारीच्या घराण्यातली आहे. तुमच्या मशीनला ती अशी लागणार नाही. मात्र एखाद्या मेलेल्या रिमोटची पट्टी त्या खोक्यात बसवून, काठीतल्या स्विचच्या तारा त्या पट्टीवर सोल्डर करता येतात. मी दोन केल्या आहेत, तिसरी तुमची करू. टर्बोची बटणं असतील तर त्यांचं नंतर बघू.

घासलेल्या पट्टीचे दोन्ही बाजूंचे फोटो टाका, उजेडात, जवळून. आणि भाच्याला सांगा, जुनं रबर टाकू नको.